साडेनवाची फेरी

आश्रमशाळेच्या कार्यालयात अधीक्षिकेच्या कामाचा तक्ता टांगलेला असतो. त्यात हजेरी, किल्ल्या, कोठीघर, तेल-साबणाचं वाटप, आजारी मुलींची वही, पालकभेटीचं रजिस्टर असं सगळं असतं. रात्रीबद्दल मात्र 'मुक्कामी राहणे' एवढंच. प्रत्यक्षात ही निम्मी नोकरी रात्रीची आहे. मुली झोपल्या की काम संपलं, असं जिला वाटतं तिनं जूनमध्ये पहिलीच्या मुली नव्याने आलेल्या असताना आमच्या हॉलमध्ये एक रात्र काढावी.

मी जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ पट्ट्यात काम केलं. रुजू झाले तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, 2014 साली पालघर वेगळा झाला. राज्यात आदिवासी विकास विभागाच्या पाचशेच्या आसपास सरकारी आश्रमशाळा आहेत. आमची त्यातलीच एक, सांगण्यासारखं वेगळं काही नसलेली. पहिली ते चौथीच्या चाळीसेक मुली एका लांबट हॉलमध्ये झोपायच्या. खाली सतरंज्या आणि गाद्या, उशाशी प्रत्येकीची पत्र्याची पेटी, वर पत्रे. जुलैमध्ये त्या पत्र्यांवर पाऊस असा कोसळतो की शेजारचीशी बोलायलाही ओरडावं लागतं. सहा वर्षांची मुलगी पाड्यावरून बापाबरोबर चालत येते, दुपारी भात-आमटी जेवते, आणि संध्याकाळी बाप निघून गेल्यावर पहिल्यांदा तिच्या लक्षात येतं की आपल्याला इथंच राहायचंय. आजवर ती आजीच्या कुशीत झोपलेली असते. अशा मुलींचं रडणं मला पाठ होतं. ते संध्याकाळी दिवेलागणीला सुरू होतं, पांघरुणात तोंड खुपसून चालतं आणि कुणीतरी जवळ घेतलं की थांबतं.

खिडकीखालच्या मुलीचं तसं नव्हतं. तिचं नाव इथे नको, खिडकीखालची म्हणूनच तिला ओळखू. संध्याकाळी ती रडत नसे. जेवण नीट, अंघोळीला पुढे, पाढ्यांना आवाज खणखणीत. पण रात्री मुली झोपून तास-दीड तास झाला की तिची किंकाळी येई. किंकाळीच म्हणावं लागेल, रडणं नव्हे. मी धावत जायचे तो ती ताठ उठून बसलेली. डोळे सताड उघडे, बाहुल्या मोठ्या, कपाळावर आणि मानेवर घाम, छाती हाताला लांबून जाणवावी अशी उडत असलेली. 'आये, आये' अशा हाका चालू आणि हात पुढे केला की तोच हात झिडकारणं. ती माझ्याकडे बघायची, पण मी तिथे नाहीच अशी. पाच-दहा मिनिटं हा प्रकार चाले. मग कुणी कळ फिरवावी तशी ती आडवी व्हायची आणि पुढच्या क्षणी शांत झोपलेली असायची. सकाळी ताटली घेऊन नाश्त्याच्या रांगेत उभी. रात्री काय झालं गं, असं विचारलं तर ती उलट माझ्याकडेच नवलानं बघे.

आमच्याकडे रात्री मूल किंचाळलं तर मनात येणारी पहिली शंका भुताची नसते, भीतीचीही नसते. ती असते जनावराची. जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यारीचा धोका मोठा. ती रात्री हिंडते, चावते तेव्हा अनेकदा फारसं दुखतही नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात आणि तोवर वेळ गेलेला असतो. विंचवाचं उलट. त्याची कळ मुलाला गडाबडा लोळवते, आणि लाल विंचू असेल तर पुढे हृदयावर ताण येतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं तेव्हापासून कोकणात आणि आमच्या पट्ट्यात कितीतरी पोरं वाचली. त्यामुळे आमची शिस्त ठरलेली होती. आधी टॉर्च, मग पांघरूण झटकणं, मग पायाची बोटं, टाचा, मानेमागे, केसांत बघणं. हे सगळं खिडकीखालच्या मुलीच्या बाबतीत दर वेळी केलं, अगदी कंटाळा येईपर्यंत. ही पायरी कुणी गाळू नये असं मला आजही वाटतं. कारण 'तिला तसं होतंच' या समजुतीवर विसंबून एखाद्या रात्री खरंच जनावर असेल तर ते बघायचं राहून जाईल.

अंगावर काही सापडलं नाही की उरलेला हॉल हाताशी यायचा. म्हणजे बाकीच्या एकोणचाळीस जणी. एक किंचाळली की चार रडतात, चार रडल्या की दहा उठून बसतात, आणि ज्या उठतात त्या सगळ्या भिंतीकडे सरकून एकमेकींना धरून बसतात. त्यांच्यातली एक तरी सांगते की खिडकीत काहीतरी दिसलं. दुसरीला तेच दिसतं. तिसरीच्या मते ते चिंचेवरून आलं. आश्रमशाळेत अशी गोष्ट सकाळपर्यंत मुलांच्या वसतिगृहात पोचते आणि आठवडी बाजाराला पाड्यांवर. मग पालक येतात आणि मुली घरी घेऊन जातात. अशानं वर्गच्या वर्ग ओस पडलेले मी ऐकले आहेत.

आमच्याकडच्या कामाठी मावशी चांगल्या मनाच्या. पहिल्या वेळी त्यांनी पेलाभर पाणी तिच्या तोंडावर मारलं. त्यानं मुलगी आणखी भडकली, भिंतीवर आपटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या उशाखाली विळा ठेवला. लोखंड उशाला असलं की बाहेरचं जवळ येत नाही, ही समजूत आमच्या घाटावरच्या गावातही आहे. माझ्या आजीनं चुलतभावाच्या पाळण्यात अडकित्ता ठेवलेला मला आठवतो. झोपेत हातपाय झाडणाऱ्या मुलीच्या डोक्याखाली विळा काही मी ठेवू देणार नव्हते. पण मावशींचा हिरमोड करायचाही नव्हता. विळा भिंतीतल्या वरच्या खुंटीवर गेला. लोखंड खोलीत आहे यावर मावशींचं समाधान झालं.

खरी भीती मला वेगळ्याच शब्दाची होती. तिसरीतल्या एका मुलीनं भांडताना तिला 'भुताळी' म्हटलं. शहरात ही शिवी हसण्यावारी नेतील. वारली, कोकणा, ठाकूर पाड्यांवर तो शब्द बाईच्या जिवावर उठलेला आहे. मूल मेलं, गाय आटली, कुणी आजारी पडलं, की भगत सांगतो ती भुताळी आणि मग तिचे हाल कुत्रा खात नाही. 2013 साली आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारणं, मिरच्यांची धुरी देणं, हे त्यात सरळ गुन्हे म्हणून लिहिलेलं आहे. कायदा आहे, बरं आहे. पण सहा वर्षांच्या मुलीला हॉलमध्ये पडलेलं नाव कायद्यानं पुसता येत नाही.

शाळा तपासणीला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, त्यातल्या डॉक्टरांना मी हे सांगितलं. तरुण होते. दात, डोळे, वजन, उंची असं शंभरावर मुलांचं उरकायचं होतं, बाहेर ड्रायव्हर घाई करत होता, तरी ते खुर्ची ओढून बसले. त्यांनी प्रश्न विचारले ते मला आवडले, कारण एकही प्रश्न 'घाबरली आहे का' असा नव्हता. झोपल्यापासून किती वेळाने होतं? एका रात्रीत एकदा की अनेकदा? अंग ताठ होतं का, डोळे एका बाजूला फिरतात का, जीभ चावते का, दर वेळी अगदी तंतोतंत तीच हालचाल असते का? घोरते का, तोंड उघडं टाकून झोपते का? दिवसा पेंगते का? सकाळी आठवतं का? त्यांनी टॉन्सिल पाहिले, पापण्यांच्या आतला रंग पाहिला. मोबाइलवर एकदा चित्रण करून दाखवा म्हणाले. मी ते केलं, त्यांना दाखवलं आणि लगेच पुसून टाकलं. झोपेतल्या लेकराचा असा व्हिडिओ चुकून कुणाच्या हाती लागला असता तर भुताळीच्या गोष्टीला पुरावाच मिळाला असता.

त्यांनी सांगितलं ते असं. याला नाइट टेरर म्हणतात, पण यात स्वप्न नसतं. झोप लागल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत मूल अगदी खोल झोपेत उतरतं. तिथून हलक्या झोपेत वर येताना काही मुलांची गाडी मधेच अडते. शरीर जागं होतं, छाती धडधडते, घाम येतो, डोळे उघडतात, तोंडातून आवाज येतो. ओळखणारा आणि लक्षात ठेवणारा भाग मात्र झोपलेलाच राहतो. झोपेत चालणं हे याचंच भावंड. 1953 साली शिकागोमध्ये ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळे भिरभिरणारी झोप शोधली आणि स्वप्नं तिच्याशी जोडली गेली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, 1968 मध्ये, रॉजर ब्रॉटन यांनी 'सायन्स'मध्ये मांडलं की झोपेत चालणं आणि ही किंकाळी त्या झोपेतून येतच नाहीत, त्या खोल झोपेतून अर्धवट जागं होण्यातून येतात. डॉक्टर हे उत्साहानं सांगत होते आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

मला त्यातला एक आकडा फार उपयोगी पडला. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात एकाच गटातली मुलं लहानपणापासून तेरा वर्षांपर्यंत बघत गेलेला एक मोठा अभ्यास 2015 साली छापून आला. त्यात दीड वर्षाच्या वयात साधारण तिघांतल्या एकाला, पाचव्या वर्षी शंभरातल्या तेराजणांना आणि तेराव्या वर्षी पाचजणांना हा त्रास दिसला होता. म्हणजे चाळीस लहान मुली एका खोलीत झोपवल्या तर त्यात चार-पाच जणी अशा असणारच. आपल्या घरात एक मूल असतं, त्यामुळे ते जगावेगळं वाटतं. हॉलमध्ये ते हिशेबात बसतं. वर्षानुवर्षं माझ्याआधीच्या अधीक्षिकांनीही हे पाहिलं असणार, फक्त कुणी त्याची नोंद केली नसेल.

मग काय करायचं? डॉक्टर म्हणाले, त्या पाच-दहा मिनिटांत शक्य तितकं कमी. उठवू नका, हलवू नका, पाणी नको, कवटाळू नका. तिला लागणार नाही एवढं बघा. ऐकायला सोपं आहे. करताना माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात अवघड काम निघालं. एक लेकरू आईला हाका मारतंय, आपण हातभर अंतरावर मांडी घालून बसलोय, आणि जवळ न जाणं हीच मदत आहे, हे अंगातल्या प्रत्येक सवयीविरुद्ध जातं. मी पेट्या सरकवल्या, तिची गादी खिडकीखालून हलवून भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात घेतली, दाराची कडी वर लावून घेतली. नाव तिला मिळालं होतं खिडकीचं, ते तसंच राहिलं. ती किंचाळू लागली की मी तिच्या आणि मोकळ्या जागेच्या मध्ये बसे आणि एकाच खालच्या पट्टीत काहीतरी म्हणत राही. बहुतेकदा 'हं, हं, आहे मी' एवढंच. ते तिच्यासाठी नव्हतं. ते ऐकणाऱ्या एकोणचाळीस जणींसाठी होतं.

इथे मला जे कळलं तेच या सगळ्या अनुभवातलं मला सांगण्यासारखं वाटतं. या प्रकारात घाबरलेली व्यक्ती जिला आपण समजतो ती नसते. तिला यातलं काही कळत नाही, सकाळी तिच्याकडे त्यातला कणही शिल्लक नसतो. घाबरतात ते बघणारे. आणि बघणारे आपली भीती घालवण्यासाठी जे जे करतात, पाणी मारतात, हलवतात, सकाळी गोळा होऊन विचारतात, खिडकीत काय दिसलं ते सांगतात, भगताकडे नेतात, त्यातून ती भीती अखेर त्या मुलीकडे पोचवली जाते. रात्रीचं तिला आठवत नव्हतं, पण आपल्याला काहीतरी होतं हे दिवसा तिला सगळ्यांनी मिळून शिकवलं. दिवाळीच्या आधी ती झोपायलाच घाबरू लागली. डोळे मिटत आले की स्वतःला चिमटे काढी. जागरण वाढलं तसे झटके वाढले. म्हणजे ज्याला आम्ही आजार म्हणत होतो त्याचा निम्मा भाग हॉलनं तयार केलेला होता.

म्हणून मी आधी हॉलशी बोलले. दुपारी, उजेडात, ती मुलगी वर्गात असताना. पावसानं फुगलेलं दार अर्ध्यावर अडकतं ना, तशी तिची झोप अडकते, असं त्यांना सांगितलं. आमच्या हॉलचं दार तसंच होतं, सगळ्यांनी त्याला लाथा घातलेल्या. त्यांना ते लगेच पटलं. एकीनं विचारलं, मग दाराला लाथ घालतो तशी तिला हलवून मोकळी का नाही करायची? म्हटलं, तू झोपेत असताना कुणी लाथ घातली तर तू काय करशील? 'मी पण मारीन.' प्रश्न मिटला. दोन नियम ठरले. ती ओरडली की कुणी जागेवरून उठायचं नाही, उशीवर डोकं ठेवून मॅडमचा आवाज ऐकायचा. आणि सकाळी तिला त्याविषयी कुणी काही बोलायचं नाही, नक्कल तर नाहीच. चौथीतल्या दोन समजूतदार मुलींना लहानग्यांच्या बाजूला झोपायला दिलं. 'भुताळी' म्हणणाऱ्या मुलीला मी शिक्षा केली नाही. तिचीच गादी खिडकीखालच्या मुलीशेजारी लावली. जवळून बघितलं की ते किती साधं आहे हे तिला आपोआप कळलं, आणि पुढे तीच इतरांना सांगत सुटली की हिला काही नाही, हिची झोप अडकते.

दुसरं काम वहीचं. आजारी मुलींच्या वहीच्या मागच्या पानांवर मी रेघा मारल्या: किती वाजता झोपली, किती वाजता उठली, दिवसा काय झालं, ताप होता का, झोपण्याआधी बाहेर जाऊन आली का. महिन्याभरात वहीच बोलायला लागली. सुट्टीवरून परतल्यावरचे दिवस वाईट. तापाचे दिवस वाईट. 9 ऑगस्टच्या आदिवासी दिनासाठी आणि लगेच 15 ऑगस्टसाठी नाचाचा सराव रात्री उशिरापर्यंत चाले, ते दोन आठवडे सगळ्यात वाईट. ज्या रविवारी दुपारी मुली झोपायच्या त्या रात्री बहुधा काही नाही.

झोपेची बेरीज केली तेव्हा मला धक्का बसला. संध्याकाळी सातला जेवण, आठ ते साडेनऊ अभ्यासिका, साडेनऊला हजेरी, पावणेदहाला दिवे बंद. पहाटे साडेपाचला घंटा, कारण नळ मोजके आणि अंघोळीची रांग मोठी. पावणेआठ तास झाले. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकादमीनं 2016 मध्ये सांगितलंय. आमच्या मुलींना हे कुणी सांगायची गरज नव्हती. पाड्यावर अंधार पडला की दोन घास खाऊन त्या झोपत. इथे पहिलीतल्या पोरी पाटीवर डोकं टेकून झोपलेल्या असायच्या आणि हजेरीसाठी त्यांना उठवून, उभं करून, 'उपस्थित' म्हणायला लावलं जायचं. अपुऱ्या झोपेनं खोल झोप अधिक खोल होते आणि झटक्यांना वाव मिळतो, हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतंच. अर्ध्या झोपेतून उठवून, थोड्या वेळानं पुन्हा झोपवून, आम्ही त्या झोपेची वाट आणखीच बिघडवत होतो.

मुख्याध्यापकांशी माझी बोलणी लांबली. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं: वेळापत्रक वरून येतं, भेट द्यायला कुणी आलं आणि अभ्यासिकेत पहिली-दुसरी दिसली नाही तर उत्तर त्यांना द्यावं लागणार. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. शेवटी ते म्हणाले, 'कागद बदलू नका, मुली झोपवा.' सरकारी खात्यात याहून मोठा होकार मिळत नाही. पहिली-दुसरीची हजेरी जेवणाच्या ओळीतच होऊ लागली आणि सव्वाआठला त्यांच्या बाजूचे दिवे बंद. हॉलच्या मधोमध जुन्या चादरींचा पडदा लावला, म्हणजे मोठ्या मुली अभ्यासिकेतून परतल्या तरी उजेड पलीकडे जाऊ नये.

वहीतली आणखी एक रेघ माझ्या मनात नव्हती, ती मावशींनी सुचवली. संडास हॉलपासून लांब, वाटेत दिवा एकच, पावसाळ्यात चिखल. छोट्या मुली रात्री बाहेर जायला घाबरत आणि धरून ठेवत. तुंबलेल्या लघवीनंही झोप अर्धवट मोडते. आम्ही सव्वाआठला सगळ्यांना रांगेनं नेऊन आणायला लागलो. एवढ्यानं हॉल पुष्कळ शांत झाला, अंथरूण ओलं करणाऱ्याही कमी झाल्या. खिडकीखालच्या मुलीचे झटके मात्र कमी झाले तरी गेले नाहीत. आता ती लवकर झोपत असल्यामुळे त्यांची वेळ पावणेदहाच्या आसपास येऊन थांबली, जवळजवळ घड्याळ लावावं अशी.

त्यावरचा उपाय डॉक्टरांनी पुढच्या भेटीत सांगितला. ब्रायन लास्क नावाच्या ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञांनी तो 1988 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिला होता. अवघ्या 19 मुलांवरचा अनुभव होता तो. काही रात्री झटक्याची वेळ टिपायची आणि मग त्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी मुलाला नीट जागं करून पुन्हा झोपवायचं. औषध नाही, खर्च नाही. झोपेची ती अडणारी जागाच ओलांडून जायची, असा त्यामागचा विचार. मला पहिल्यांदा ते उलटंच वाटलं. झोप कमी पडते म्हणून त्रास, आणि आपणच उठवायचं? पण मोठ्या मुली साडेनवाला परत येतच होत्या, हॉलमध्ये हालचाल होतच होती. त्याच वेळी मी तिला उठवायचे, हाताला धरून बाहेर न्यायचे, तोंडावरून ओला हात फिरवायचे, आपलं नाव-गाव विचारायचे. बरोबर उत्तर आलं की ती जागी झाली असं समजायचं. परत येऊन पडली की दोन मिनिटांत झोपलेली. शेजारच्या मुलींना वाटायचं, मॅडम तिला लघवीला नेतात. यापलीकडे त्यांना सांगण्यासारखं काही नव्हतंच.

साडेनवाची ही फेरी मी काही आठवडे रोज केली, माझ्या रजेच्या दिवशी मावशींनी. झटके आधी तुरळक झाले, मग थांबले. फेरी सोडल्यावर मध्ये पुन्हा एकदा आले, पुन्हा काही दिवस उठवलं, पुन्हा गेले.

हॉलमधली प्रत्येक रात्रीची आरोळी या एका खात्यात घालायला मात्र मी तयार नसते. एक मुलगी पहाटे चारच्या सुमारास रडत उठे, पूर्ण जागी असे, मला घट्ट धरे आणि नदीच्या पुरात भाऊ वाहून चालल्याचं सांगे. ते स्वप्न होतं, तिला आठवत होतं, आणि तिला जवळ घेणं, बोलणं हेच हवं होतं. म्हणजे जे एकीला टाळायचं तेच दुसरीला द्यायचं. आणखी एकीचं वेगळंच निघालं. ती ओरडत नसे, तिचा एक हात आणि तोंड वाकडं होई, रात्रीतून अनेकदा, दर वेळी हुबेहूब तसंच. तिला जव्हारला नेलं, पुढे फेफऱ्याची गोळी सुरू झाली. आणि जी मुलगी जागेपणी झोपायला घाबरते, एखाद्या जागेला किंवा माणसाला टाळते, तिच्याबाबतीत झोपेचं पुस्तक मिटून आधी दिवसाची चौकशी करावी, तीही एकटीला घेऊन, घाई न करता. वसतिगृहात काम करणाऱ्या बाईनं हे विसरून चालत नाही. खिडकीखालच्या मुलीच्या बाबतीतही मी ती चौकशी केली होती.

दिवाळीनंतर तिची आई शाळेत आली. आमच्या पट्ट्यातली बरीच कुटुंबं तेव्हा भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसापर्यंत परतत नाहीत. जाण्याआधी मुलीला बघायला आली होती. मनगटावर भगतानं दिलेला काळा दोरा बांधावा की नको, असं तिनं विचारलं. बांध म्हटलं, दोऱ्यानं कुणाचं नुकसान होत नाही, धुरी मात्र देऊ नका. मग मी तिला सगळं समजावून सांगू लागले, तशी ती हसली. तिचा नवरा लहानपणी असाच रात्री उठून दाराकडे चालत जायचा, म्हणून सासू दाराला आडणा घालून त्यालाच पाठ लावून झोपे. त्याला पुढे काहीच झालं नाही, विटा पाडण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. क्यूबेकच्या त्या अभ्यासात आई-बापांपैकी एकजण झोपेत चालणारा असेल तर मुलांत तो त्रास दुप्पट आढळला होता, हे मी पुढे वाचलं. सासूबाईंना ते आधीच ठाऊक होतं.

भट्टीवरच्या झोपड्यांना दार नसतं. कच्च्या विटा रचून वर पेंढा किंवा प्लास्टिक, बाजूला मातीचा खड्डा, थोड्या अंतरावर पेटलेली भट्टी. तिथे काम मध्यरात्रीनंतरच सुरू होतं, त्यामुळे आई शेजारी असेलच असं नाही. सुट्टीत मुलीला तिकडे नेऊ नको, असं मी तिला सांगितलं आणि का तेही सांगितलं. तिनं थोडा विचार केला आणि आजीला पाड्यावर ठेवायचं ठरवलं. घरातल्या एका कमावत्या हाताला त्या वर्षी भट्टीची मजुरी मिळाली नाही. हा खर्च माझ्या सल्ल्याचा होता आणि तो त्यांनी उचलला.

तिसरीत गेल्यावर तिचा त्रास पूर्ण थांबला. लवकर झोपण्यामुळे, साडेनवाच्या फेरीमुळे, हॉल गप्प बसल्यामुळे, की नुसतं वय वाढल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. मावशींच्या मते विळ्यामुळे. तोवर पहिलीच्या नव्या मुली आल्या होत्या आणि त्यांतल्या दोघींच्या नावापुढे मी वहीत वेळा लिहायला लागले होते.